पलटण जागेवर, काम मात्र हललं: कामठी छावणीचं प्रकरण

कामठीत गोरा बाजाराच्या अंगाला एका शिंपीकाकांचं दुकान आहे. दोन मशिनी, एक इस्त्रीचं टेबल आणि फळीवर उधारीच्या वह्यांची चळत. वहीत गिऱ्हाइकाचं नाव बहुतेक नसतंच. 'हवालदार, सी कंपनी, पँट अल्टर २, रिबन १' अशी नोंद आणि पुढे रक्कम. काही पानांवर एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत लाल रेघ ओढलेली. ही रेघ कशाची, म्हणून विचारलं. काका म्हणाले, "पलटण गेली जी. पलटण गेली का पान बुडालं." मग आपण उगाच कोणावर आळ घेतोय असं त्यांना वाटलं असावं. दुसरी वही काढून त्यांनी एक पान पुढं केलं. त्यावर निळ्या शाईत लिहिलं होतं: 'मनीऑर्डर आली, सिलिगुडी.'

काकांच्या दुकानात मी पोचलो तो एका परदेशी बातमीमुळे. २ सप्टेंबर २०२५ ला अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी जाहीर केलं की तिथल्या लष्कराच्या अंतराळ कमांडचं मुख्यालय कोलोरॅडो स्प्रिंग्जहून अलाबामातल्या हंट्सव्हिलला जाणार. मी नागपुरात कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. वर्गात ही बातमी वाचली तेव्हा रोज कामठीहून येणारा एक मुलगा म्हणाला, "सर, आपल्याकडून सब एरिया हलवला तं किती लोकांचं काम जाईन?" सब एरिया म्हणजे कामठीतलं लष्कराचं विभागीय मुख्यालय. मी काहीतरी ठोकून दिलं. घरी आल्यावर लाज वाटली, आणि त्या वर्षीचं अभ्यासाचं प्रकरण म्हणून आम्ही कामठीच घेतली.

आधी अमेरिकेतला आकडा बघू, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. ही कमांड ऑगस्ट २०१९ मध्ये नव्यानं उभी राहिली. जानेवारी २०२१ मध्ये तिच्यासाठी हंट्सव्हिल निवडलं गेलं, जुलै २०२३ मध्ये दुसऱ्या राष्ट्राध्यक्षांनी ती कोलोरॅडोतच ठेवली, २०२५ मध्ये पुन्हा हंट्सव्हिल. ऑक्टोबरात कोलोरॅडो राज्यानं कोर्टात धाव घेतली. या सगळ्या खेचाखेचीत एकच आकडा फिरत राहिला, सुमारे १,४०० पदं. पद म्हणजे खुर्ची, आणि खुर्ची ट्रकमध्ये घालून नेता येते. तिच्यावर बसणाऱ्या नागरी कर्मचाऱ्याची बायको कोलोरॅडोत नर्स असेल, मुलगी बारावीला असेल, तर तो जाणार नाही. त्याची नोकरी गेली, पण पद हंट्सव्हिलला शाबूत. म्हणजे हिशेबात काहीच बुडालं नाही. आणि त्या खुर्चीवरच्या माणसाला खोली भाड्यानं देणारा, त्याचे केस कापणारा, त्याची गाडी दुरुस्त करणारा? त्यांचं पद कुठल्याच यादीत नव्हतं, म्हणून त्यांचं जाणंही यादीत येत नाही. शिंपीकाकांची लाल रेघ ही त्या न मोजलेल्या माणसांची मोजणी आहे असं मी मुलांना सांगितलं. नंतर कळलं, तेही अर्धंच खरं होतं.

छावणी कशी बसली

२६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला सीताबर्डीच्या टेकड्यांवर लढाई झाली आणि आप्पासाहेब भोसले हरले. तैनाती फौज तर १८१६ च्या तहानंच नागपूरच्या गळ्यात पडली होती. तिला कायमचा तळ मिळाला १८२१ मध्ये, शहरापासून सोळा किलोमीटरवर, कन्हानच्या काठी. इंग्रज रेसिडेंट नागपूरलगत राहिला, फौज नदीवर गेली. दरबारावर नजर ठेवायला जवळ, दरबाराच्या भानगडींपासून लांब. फौजेचा खर्च भोसल्यांच्या तिजोरीतून जायचा. नागपूरच्या पेठांतून आणि गावागावांतून गोळा झालेला महसूल कामठीच्या बाजारात खर्च व्हायला लागला तो तेव्हापासून. ('कामठी' हे नाव 'कँप टी' वरून पडलं असं सांगणारे तिथं चौकाचौकांत भेटतात. मला ते पटत नाही, पण सांगणाऱ्याचा उत्साह मोडवत नाही.)

इथं एक गोष्ट बारकाईनं बघण्यासारखी आहे. बंगाल फौजेतला शिपाई बायकापोरं अवध-बिहारकडच्या गावी ठेवून यायचा आणि पगारातलं गावी पाठवायचा. मद्रास फौजेतला शिपाई मात्र कुटुंबकबिला सोबत घेऊन फिरायचा. कामठीत होती ती मद्रासची फौज. म्हणून इथं नुसते शिपाई आले नाहीत, घरं आली, चुली आल्या. लुगडी लागली, बाळंतिणीला सुईण लागली, पोरांना बाराखडी शिकवणारा लागला. मोदी, कलाल, भिस्ती, नालबंद, घसियारे, बैलगाडीवाले हे तर कुठल्याही छावणीच्या मागे येतातच. कामठीत त्यांच्या मागून विणकरही स्थिरावले. जबलपूरकडून येणारा मोठा रस्ता कामठीतूनच नागपूरकडे जात असल्यानं उत्तरेच्या मालाची उलाढालही इथंच व्हायची. मोदी पडाव हे नाव कामठीत अजून आहे. नागपुरात सदर आहे, छावणी आहे, सीताबर्डीत मोदी नंबर एक, दोन, तीन आहेत. तिथल्या मोबाईलच्या दुकानदाराला मोदी म्हणजे फौजेला धान्य पुरवणारा वाणी, हे सांगितलं तर तो हसतो.

आजच्या भाषेत हेच सांगायचं तर, 'पीस स्टेशन' (जिथं कुटुंब सोबत ठेवता येतं असा तळ) आहे का आणि मॅरिड क्वार्टर किती भरलेत, हे बाजाराच्या दृष्टीनं ब्रिगेडिअर किती बसतात यापेक्षा मोठं. शिंपीकाकांना हे अर्थशास्त्र न शिकता ठाऊक आहे. युनिट 'फिल्ड'ला, म्हणजे कुटुंब नेता येत नाही अशा ठिकाणी, गेलं आणि कुटुंबं क्वार्टरमध्येच राहिली, तर ते उधारी बंद करत नाहीत.

वीस वर्षांत बारा हजार

आता प्रकरणाचा गाभा. १८८१ च्या जनगणनेत कामठीची वस्ती ५१ हजारांच्या आसपास होती. १९०१ मध्ये ती ३८,८८८ झाली. वीस वर्षांत बारा हजार माणसं कमी. त्याच वीस वर्षांत नागपूर ९८ हजारांवरून १,२७,७३४ वर गेलं. सोळा किलोमीटरवरचं एक गाव ओसरतं आणि दुसरं फुगतं. वर्गात विचारलं, कशामुळे? अर्धा वर्ग एका सुरात म्हणाला, "फौज कमी केली असेल."

फौज कमी झाली हे खरंच. १८९५ मध्ये बंगाल, मद्रास आणि मुंबई या तीन इलाख्यांच्या वेगळ्या फौजा मोडून एक फौज केली गेली. १९०३ नंतर सरसेनापती किचनरनं तिची फेररचना केली, मद्रासच्या पलटणींची उतरती कळा लागली, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कामठीची शिबंदी घटवली गेली. पण तारखा लावून बघा. वस्ती ओसरायला लागली १८८१ पासून आणि शिबंदी घटल्याचा बोलबाला आहे तो १९०१ च्या पुढचा. कारण परिणामाच्या मागून येत नसतं.

मग आधी काय झालं होतं? २० फेब्रुवारी १८६७ ला जीआयपी रेल्वे भुसावळहून नागपूरला पोचली. १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. १८८० च्या सुमारास छत्तीसगडकडे जाणारी लाइन पडायला लागली आणि ती कामठीवरून गेली. वर्गातला एक जण म्हणाला, "स्टेशन आलं म्हणजे भरभराट व्हायला पायजे." उलट झालं. बैलगाड्यांच्या रस्त्यावर कामठी हा मुक्काम होता. बैल थकायचे, गाडीवान थांबायचा, माल उतरायचा, दलाल भाव करायचा, रात्रीच्या भाकरीचे पैसे द्यायचा. आगगाडी थकत नाही. कामठीच्या स्टेशनवर ती पाच मिनिटं थांबली आणि नागपूरला गेली, दलालही तिच्याच मागं नागपूरला गेले. वर मिलचं सूत आणि मिलचं कापड. कामठीचा विणकर दोन्ही बाजूंनी सापडला, तोवर १८९६-९७ चा आणि १८९९-१९०० चा दुष्काळ आला. दुष्काळात माणूस आधी धान्य घेतो, लुगडं पुढच्या वर्षी.

तेव्हा माझं मत असं की छावणीनं कामठी उभी केली, पण कामठी पाडली ती छावणीनं नाही. माल कुठं उतरतो ती जागा सरकली आणि काम तिच्या मागं सरकलं. शिबंदी नंतर घटली ती आधीच खिळखिळ्या झालेल्या बाजारावर. ज्यांना फौजेखेरीज दुसरं गिऱ्हाईक उरलं नव्हतं, त्यांच्यावर तो शेवटचा घाव बसला. मूळ दुखणं रेल्वेचं आणि नाव लागलं फौजेचं.

राजधानी गेली तेव्हा

मुलांनी लगेच १९५६ काढलं. नागपुरात वाढलेल्या कुठल्याही चर्चेत ते निघतंच. १ नोव्हेंबर १९५६ ला नागपूर राजधानी राहिलं नाही, नव्या मध्य प्रदेशाचं सचिवालय भोपाळला गेलं. आमच्या धंतोलीच्या वाड्यातली दोन बिऱ्हाडं फायलींबरोबर गेली असं आजी सांगायची. मालकानं महिनाभर वाट बघून भाडं उतरवलं, मग त्या खोल्यांत वकिलीची उमेदवारी करणारी पोरं आली. हा तपशील मला फार बोलका वाटतो. १९३६ पासून नागपूरला हायकोर्ट होतं. ते गेलं, पण मुंबई हायकोर्टाचं खंडपीठ राहिलं. वकील राहिले, त्यांचे कारकून राहिले, टंकलेखनवाले राहिले. सचिवालयातली पदं शाबूत गेली. धंदा मात्र ज्या कामाला स्थानिक माणूस लागतो तिथं टिकला. डिसेंबरातल्या अधिवेशनाचं मी बोलत नाही. त्या काळात हॉटेलवाल्यांचे आणि मंडपवाल्यांचे दोन आठवडे बरे जातात, इतकंच.

मुख्यालय आणि कारखाना यांतला फरक

परत त्या मुलाच्या प्रश्नाकडे. आज नागपूर-कामठीत लष्कराची कामं तरी कोणकोणती? कामठीत उत्तर महाराष्ट्र आणि गुजरात सब एरियाचं मुख्यालय आहे. गार्ड्स रेजिमेंटल सेंटर, म्हणजे गार्ड्स पलटणींचे जवान तयार करणारं केंद्र आहे, जे पूर्वी कोट्याला होतं. एनसीसीच्या अधिकाऱ्यांना शिकवणारी अकादमी आहे. नागपुरात वायुसेनानगरला हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आहे. ही कमांड १९५५ मध्ये कानपूरला सुरू झाली होती. अंबाझरीला आयुध निर्माणी आहे. बाहेरच्या माणसाला हे सगळं एकच, 'मिलिटरी एरिया'. पण रोजगाराच्या दृष्टीनं ही तीन वेगळी जनावरं आहेत.

मेंटेनन्स कमांड घ्या. विमानं दुरुस्त करणारे कारागीर तिच्या हाताखाली आहेत, पण ते नाशिकजवळ ओझरला, कानपूरला, चंदीगडला, कोईमतूरजवळ सुलूरला. नागपूरला येतात कागद आणि निर्णय. मुख्यालयात माणसं थोडी, हुद्दे मोठे, बदल्या दर दोन-तीन वर्षांनी. त्यांच्या जिवावर चालतात ती चांगल्या वस्तीतली भाड्याची घरं, इंग्रजी शाळा, ड्रायक्लीनर. रेजिमेंटल सेंटरमध्ये उलट: जवान शेकड्यांनी, पण ते लंगरात जेवतात, कॅन्टीनमध्ये खरेदी करतात, आठवड्याची सुटी मिळाली की बाजारात येतात. कारखान्यात गावातला फिटर, गावातला टर्नर, आणि तो निवृत्त होईपर्यंत तिथंच. शहरानं कुठल्या गोष्टीसाठी आंदोलन करायचं, हे यावरून ठरावं. सहसा आंदोलन मुख्यालयासाठी होतं, कारण त्याच्या पाटीवर शहराचं नाव असतं.

याची एक ताजी तपासणी आपल्याच अंगणात आहे. १ ऑक्टोबर २०२१ ला कोलकात्याचं आयुध निर्माणी मंडळ मोडून ४१ कारखान्यांच्या सात कंपन्या केल्या. त्यातल्या यंत्र इंडिया लिमिटेडचं मुख्यालय नागपूरला आलं, आठ कारखाने त्याच्या हाताखाली. म्हणजे संरक्षण खात्याचं एक मुख्यालय चक्क नागपूरला मिळालं! अंबाझरीच्या बाहेरच्या चहाटपरीवर मुलांनी विचारून बघितलं. टपरीवाल्याच्या लेखी फरक एवढाच की आता मोठ्या गाड्या जास्त येतात आणि गाडीतले लोक चहाला उतरत नाहीत. आत कामगारांची बोलणी मात्र दुसऱ्याच विषयावर होती. आपण सरकारी नोकर राहणार की कंपनीचे, ही ती चिंता. संप होण्याइतकी ती खोल गेली होती. पाटी आली म्हणून एकही फिटर वाढला नाही.

जमिनीचं वेगळंच

अमेरिकेत न्यू जर्सीतला फोर्ट मॉनमथ हा तळ सप्टेंबर २०११ मध्ये बंद झाला. त्याचं काम मेरीलँडला गेलं, पाच हजारांवर नागरी नोकऱ्या त्या भागातून उठल्या. पण जमीन स्थानिक पुनर्विकास प्राधिकरणाकडे आली आणि अनेक वर्षं रिकामी पडून राहिल्यावर तिथं आता नेटफ्लिक्स चित्रीकरणाचे स्टुडिओ बांधतंय. हे चांगलं की वाईट ते बाजूला ठेवा. गावाच्या हाती काहीतरी आलं.

आपल्याकडे पलटण गेली तरी जमीन संरक्षण खात्याचीच राहते. देशात या खात्याकडे सुमारे १८ लाख एकर जमीन आहे आणि त्यातली सुमारे १.६१ लाख एकर २०२२ मध्ये ६२ छावण्यांच्या हद्दीत होती. त्यात महाराष्ट्राच्या सात, कामठी त्यांपैकी एक. जुने बंगले 'ओल्ड ग्रँट'वर, म्हणजे घर तुमचं आणि जमीन सरकारची. तिथं दुकान वाढवायचं, माडी चढवायची तर परवानगी. २०२३ मध्ये हिमाचलमधली खास योल ही छावणी रद्द करून नागरी वस्ती वेगळी काढण्याची सुरुवात झाली, तेव्हापासून कामठीतही नगरपरिषदेत जायचं की नाही यावर कट्ट्याकट्ट्यावर भांडणं आहेत. मला वाटतं, उद्या एखादं मुख्यालय खरंच हललं तर कामठीचं नुकसान गेलेल्या पगारापेक्षा अडकलेल्या जमिनीनं जास्त होईल.

काका काय म्हणाले

प्रकरण इथं संपलं असतं, पण शेवटच्या फेरीत मी काकांना सरळच विचारलं: लाल रेघांची पानं किती आणि एकूण धंदा किती कमी झाला? त्यांनी वह्या खाली काढल्या. आम्ही, म्हणजे दोन मुलं आणि मी, दुपारभर मोजत बसलो. लाल रेघा होत्या, पण दर काही वर्षांनी. आणि प्रत्येक रेघेनंतर दोन-चार महिन्यांत नव्या युनिटचं नवं पान सुरू झालेलं. पलटण जाते, दुसरी येते. खरी घसरण रेघ नसलेल्या पानांत होती. नोंदी विरळ होत गेलेल्या, आणि तीही छावणी भरलेली असताना.

"काहून?" मी त्यांच्याच भाषेत विचारलं.

काकांनी हाताच्या बोटांवर मोजलं नाही, इस्त्री बाजूला ठेवली आणि गल्ल्यामागचा एक रिकामा कप्पा दाखवला. तिथं पूर्वी छापील लढाऊ कापडाचा ताका असायचा. १५ जानेवारी २०२२ ला फौजेचा नवा लढाऊ गणवेश आला. त्याच्या छाप्याची आणि कटिंगची नोंदणी झाली, हक्क फौजेकडे राहिले, आणि परवानगीशिवाय तो शिवणं-विकणं बेकायदा ठरलं. पहिले ५०,००० जोड कॅन्टीन स्टोअर्सच्या पंधरा डेपोंमधून गेले. महाराष्ट्रातले डेपो मुंबईचा आणि खडकीचा. यामागचं कारण मला मान्य आहे. बाजारात दोनशे रुपयांत मिळणारी वर्दी घालून कोणीही आत शिरलेलं परवडत नाही. पण काकांचा ताका गेला तो त्यामुळे.

दुकानाच्या रांगेत पुढं एक स्टेशनरीवाला आहे. त्याला युनिटच्या ऑफिसांतून रजिस्टरं, फायली, झाडूसुद्धा मागायला यायचे. २०१६ मध्ये जेम पोर्टल आलं, सरकारी खरेदी त्यावर गेली, आणि कामठीच्या दुकानातला झाडू गुरुग्रामच्या गोदामातून येऊ लागला. त्यानं पोर्टलवर नोंदणी केली होती. दोनदा बोली लावली, दोन्ही वेळा चार आण्यांनी पडला. मग सोडून दिलं. दुधाचंही तसंच. छावण्यांना दूध पुरवणारी देशातली ३९ मिलिटरी फार्मं बंद करायचं २०१७ मध्ये ठरलं आणि ३१ मार्च २०२१ ला शेवटची कुलपं लागली. कुठलंही मुख्यालय त्यासाठी हललं नाही.

माझ्या वर्गाला १८६७ ची आगगाडी आणि २०१६ चं पोर्टल एका पानावर मांडायला सांगितलं तेव्हा मुलांनी फार वेळ घेतला नाही. त्या कामठीच्या मुलानं उत्तरात सब एरियातली पदं मोजलीच नाहीत. त्यानं कामठीतल्या दुकानांची यादी केली आणि प्रत्येकापुढे लिहिलं: माल कोण मागवतो, कुठून मागवतो, कोण सही करतो. सही जिथं कामठीत होत होती तिथं त्यानं बरोबरची खूण केली. चाळीसेक दुकानांत खुणा सात.

काकांच्या दुकानावरची पाटी अजून 'मिलिटरी टेलर' अशीच आहे. जूनमध्ये गेलो तेव्हा दोन्ही मशिनींवर निळ्या चौकड्यांचे शाळेचे शर्ट चढले होते आणि काका नवी वही शिवत बसले होते. पहिल्या पानावर युनिटच्या जागी त्यांनी लिहिलं होतं, 'इयत्ता पाचवी, तुकडी ब'.